हातानें घोटलेलें विष

वर्ध्याच्या कोणत्याहि पानठेल्यापाशीं घटकाभर उभें राहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, खर्रा खाणारा तरुण अज्ञानी नाहीं. तंबाखूनें कर्करोग होतो हें त्याला शाळेपासून ठाऊक असतें. तेव्हां लोकशिक्षण वाढविलें म्हणजे हें व्यसन आपोआप ओसरेल, असें सभांतून सांगणाऱ्या आमच्या विद्वान् बंधूंना आमचा सवाल आहे कीं, इतकें ज्ञान असतांहि तो नेमका खर्राच कां पसंत करतो ?

आमच्या मतें त्याचें उत्तर ‘हात’ या एका शब्दांत आहे. भाजलेली सुपारी, तंबाखू व चुना पन्नीवर टाकून ठेलेवाला तें मिश्रण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटतो. चुना कमी, तंबाखू जास्त, जशी ज्याची फर्माईश. कारखान्याची पुडी परकी. हा मात्र आपल्यासाठीं, आपल्यासमोर झालेला, म्हणून ताजा आणि म्हणून शुद्ध! विडीहि हातानेंच वळतात. पण तिचा वास वडिलांना कळतो, शिवाय ती म्हाताऱ्या मजुराची म्हणून कॉलेजकुमाराला तिची लाज वाटते. खर्र्याला धूर नाहीं. एकच पन्नी चौघांत फिरते, आणि नको म्हणणारा मित्रांत उपरा ठरतो. विलायतेंतहि सुटी तंबाखू कागदांत स्वतः वळून ओढणारे कित्येक तरुण तिला ‘नैसर्गिक’ समजतात. तेव्हां ही भूल केवळ आमच्याकडचीच नव्हे.

परंतु १९३४ सालीं ज्या वर्ध्यांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तेथेंच हातकामाच्या पुण्याईवर हें विष खपावें, हें आम्हांस विशेष बोंचतें. तंबाखू थोडी घेतली म्हणजे झालें, ही सबबहि लंगडी आहे. नुसती सुपारीसुद्धां कर्करोगकारक आहे, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेचा अहवाल २००४ सालींच प्रसिद्ध झाला आहे. तीच सुपारी गाल आंतून ताठ करते; मग पंचविशीच्या पोराचें तोंड पुरतें उघडत नाहीं आणि तिखट भाजीचा घांस त्याला सोसत नाहीं.

सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. पण कारखान्याला कुलूप लावतां येतें. पन्नीचा तुकडा आणि दोन तळहात यांना तें कोणी लावावें? म्हणून सभांतील तीं भयानक चित्रें आतां पुरे. तरुणाला त्याच्या ‘शुद्ध’ खर्र्याचा जन्म दाखवावा. ठेलेवाला त्यांत जी सुगंधी तंबाखू टाकतो, ती कारखान्याच्याच डब्यांतून येते. हात त्याचा, माल मात्र त्याच परक्या मालकाचा. आणि हें सांगावयास वर्गांत शिरणाऱ्या प्राध्यापकांनीं आपल्या खिशांतील पन्नी आधीं बाहेर ठेवून यावें.