फुटास एक इंच

पावसाळा आला, कीं मुलें घरांत कोंडलीं जातात आणि वडील माणसांच्या हातांनाही कांहीं चाळा हवासा वाटूं लागतो. अशा दिवसांसाठीं एक छंद सुचवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. तो छंद म्हणजे बाहुलीचें घर बांधणें.

हा पोरींचा खेळ, असें म्हणून कोणीं नाक मुरडूं नये. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत कालिदासानें बालपणींच्या पार्वतीला मंदाकिनीच्या वाळूंत वेदिका रचतांना आणि कृत्रिमपुत्रकांशीं, म्हणजे बाहुल्यांशीं, खेळतांना दाखविलें आहे. तिकडे युरोपांत तर हा प्रौढांचाच षोक. सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन नांवाच्या गृहिणीनें सजविलेलें बाहुलीघर तेथील राइक्सम्यूझियमनें जतन केलें आहे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठीं सर एडविन लुट्येन्स यांनीं एक घर आंखलें. नवी दिल्ली आंखणारे तेच हे गृहस्थ. तें १९२४ सालीं पुरें झालें व आज विंडसरच्या राजवाड्यांत आहे. त्यांत नळाला पाणी आणि दिव्यांना वीज अशी योजना केलेली होती, आणि ग्रंथालयांतील कित्येक चिमुकलीं पुस्तकें त्या वेळच्या नामवंत लेखकांनीं स्वहस्तें लिहून दिलीं होतीं. त्या घराचें प्रमाण एका फुटास एक इंच. हौशी कारागीर आजही बहुधा हेंच प्रमाण धरतात.

या छंदाचें सारें रहस्य या 'प्रमाण' शब्दांत आहे. मीं प्रथम बाजारांतून भातुकलीची एक सुरेख पितळी घागर आणली. ती तीन इंच उंच होती. पांच इंचांच्या बाहुलीशेजारीं ठेवली, तों ती तिच्या कमरेच्याही वर आली! तीन फुटांची घागर कोणती सुवासिनी उचलील? म्हणून आधीं मापें घ्यावीं, कागदावर आराखडा काढावा आणि मगच करवतीला हात घालावा. भिंती कापून झाल्या, कीं सरस न लावतां त्या एकदां नुसत्या उभ्या करून पाहाव्या. रंग, गिलावा, जमिनीचें सारवण हें सर्व भिंती जोडण्यापूर्वींच उरकावें. एकदां घर उभें राहिलें, कीं कोपऱ्यांत हात शिरत नाहीं. पहिला रंग वाळल्यावर बारीक पॉलिशपेपरनें हलकेच घासून दुसरा हात द्यावा. घाई करूं नये. छपरासाठीं जाड कागदाच्या पट्ट्या पेन्सिलीवर वळवून मीं नळीचीं कौलें केलीं. पहिल्या महिन्यांत दीडशेंच झालीं.

घर कोणतें बांधावें, हा प्रश्न मला पडला नाहीं. कोंकणांतील आमचें जुनें घर आतां पडलें आहे, पण त्याचें जोतें शिल्लक आहे. गेल्या वैशाखांत धाकट्या बंधूंना बरोबर घेऊन मीं तें फितीनें मोजलें. लांबी तेहतीस फूट, रुंदी सत्तावीस. दारें-खिडक्या दोघांनीं आठवून कागदावर मांडल्या. पडवी, ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, सारें यथास्थित उतरलें. पांच महिन्यांनीं, दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत, घर पुरें झालें.

त्या संध्याकाळीं माझ्या नातीनें घरांतले दिवे मालवले आणि हातांत विजेरी घेऊन ती म्हणाली, "आजोबा, आतां मी सूर्य." तिनें विजेरी पूर्वेकडून हळूहळू पश्चिमेकडे नेली. ओटी उजळली, माजघरांत कवडसे पडले, देवघरांतही तिरीप गेली. फक्त स्वयंपाकघर अंधारांतच राहिलें. त्याला खिडकी नव्हतीच. चुलीवर एक झरोका तेवढा होता, आणि आमच्या आठवणीप्रमाणें तो धुरानें काळा झालेला. ओटीला मात्र चार खिडक्या.

"तुमची आई कुठें असायची?" नातीनें विचारलें. मीं त्या काळोख्या खोलीकडे बोट दाखविलें. "सगळा दिवस?" मला उत्तर सुचलें नाहीं.

प्रमाण या शब्दाचे दोन अर्थ मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविले. एक माप, आणि दुसरा यथार्थ ज्ञानाचें साधन. ज्या घरांत जन्मलों, त्याचें हें ज्ञान मला तें फुटास एक इंच करून समोर ठेवल्यावर झालें.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाहीं. सध्यांच्या आमच्या घराची मागची पडवी बंद करून मीं अठरा वर्षांपूर्वीं तिथें पुस्तकांची खोली केली. तेव्हांपासून स्वयंपाकघराची एकुलती खिडकी माझ्या कपाटाआड गेली आहे. तिथें भर दुपारीं दिवा लावावा लागतो. सौभाग्यवतींनीं किंवा सुनांनीं याबद्दल कधीं एक शब्द काढला नाहीं, आणि मींही कधीं विचारलें नाहीं. आईच्या स्वयंपाकघराची खंत करणाऱ्यानें हें पाहूं नये, हें बरें नव्हे. दिवाळी सरतांच मीं कपाटें ओटीवर हलविलीं. ओटीवर आतां बसावयास जागा थोडी कमी पडते, आणि आल्यागेल्याला पुस्तकें ओलांडून यावें लागतें. खिडकी उघडली त्या दिवशीं सौभाग्यवती सूप घेऊन तिथेंच बसल्या आणि म्हणाल्या, "आतां तांदळांतले खडे दिसतात."

चिमुकल्या घराच्या स्वयंपाकघराला एक खिडकी पाडावी, असा नातीचा आग्रह होता. मीं तो मानला नाहीं. जें जसें होतें, तें तसेंच राहिलें पाहिजे. त्यावर तिनें माझ्या आईची बाहुली उचलली आणि ओटीवर, चारी खिडक्यांच्या उजेडांत, आणून बसविली. ती अद्याप तिथेंच आहे.

वाचकांनीं हा छंद जरूर करून पाहावा. आधीं मापें मात्र नीट घ्यावीं.