ओळखत नाही, मग जायचे कशाला?

वृद्धाश्रमात ठेवलेल्या आईविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात आणि माझ्या मते ती दोन्ही खोटी आहेत. पहिले मत पारावरचे : “पोटच्या पोरानं मायले आश्रमात टाकलं!” दुसरे मत त्याच पोराच्या तोंडचे : “तिले आता काईच समजत नाई. जाऊन तरी काय फायदा?” पहिल्या मताने बोलणाऱ्यास फुकटचे पुण्य मिळते, दुसऱ्याने फुकटची सुट्टी.

आधी पारावरच्या मंडळींना दोन शब्द. स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी रात्री दोनला उठून “माहेरी जाते” म्हणून कडी काढते. चूल पेटवून विसरते. जेवून उठल्यावर “मला उपाशी ठेवले” असे शेजारणीस सांगते. हे सारे सोसावयाचे कोणी? एकट्या सुनेने! पूर्वीच्या वाड्यात दहा बायका असत, हे खरे. पण आज आमच्या कामरगावात अनेक घरांतली पोरे पुण्यामुंबईस आहेत आणि घरी दोनच माणसे, तीही दिवसभर वावरात. टीका करणाऱ्यांपैकी एकाने तरी “आजची रात्र मी जागतो” असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. घरी सांभाळणे शक्य नसेल, तर चांगल्या आश्रमात ठेवणे हे पाप नव्हे. गाडगेबाबांनी याच वऱ्हाडातून निघून पंढरपूर, नाशिक, आळंदीपर्यंत धर्मशाळा बांधल्या; परक्या छपराखालीही माणसाची नीट सोय होऊ शकते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवावयास नको.

सरकारचेही तसेच. आईबापांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला. वृद्धाला सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, असे त्यात आहे. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निदान 150 निराधार वृद्धांचा आश्रम सांगितला आहे. पण तेथे शब्द असा, की सरकार तो स्थापन ‘करू शकेल’. पोराला दंड आणि सरकारला सवड! त्यात पुन्हा अनेक आश्रम हिंडत्याफिरत्या, आपले आपण करणाऱ्या माणसालाच घेतात. मग ज्या आईला आपले नावही सांगता येत नाही तिने जावे कोठे?

हा शहरी लाडावलेल्यांचा रोग आहे, असेही कोणी समजू नये. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीवरच्या शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक. आपण मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतो. जर्मन डॉक्टर आल्झायमर यांनी 1906 साली ज्या बाईच्या मेंदूची तपासणी करून हा रोग जगापुढे मांडला, तिने साठीही पाहिली नव्हती! म्हण खोटी पडून शंभरावर वर्षे झाली, पण ती अजून आपल्या तोंडातून जात नाही.

आता दुसऱ्या मताकडे वळू. कारण माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. ‘ती ओळखत नाही, मग जायचे कशाला?’ म्हणजे आईने नाव घेऊन हाक मारावी, ही भेटीची किंमत ठरली. ती देता येईना, की दुकान बंद! आपण पाळण्यात होतो तेव्हा आपण तिला नावानिशी ओळखत होतो काय? तिने तेव्हा ‘हा मला कुठे ओळखतो’ म्हणून पाजावयाचे टाळले काय?

शिवाय ‘समजत नाही’ हेच मुळी अर्धसत्य आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 2014 साली या रोग्यांना दुःखाची व आनंदाची चित्रपटदृश्ये दाखविली. थोड्याच वेळात काय पाहिले ते बहुतेक विसरले. पण मनात उठलेले दुःख वा आनंद मागे राहिलेलाच होता. भेट विसरली जाते, भेटीचा गोडवा उरतो. मग न गेल्याचा कडवटपणाही उरत नसेल कशावरून?

माझी आई अमरावतीच्या एका आश्रमात आहे. मी दर पंधरवड्यास एस.टी.ने जातो. ती मला कधी आपला भाऊ समजते, कधी तलाठी. मी तलाठी होतो आणि सातबाऱ्याच्या गोष्टी करतो. तिच्या हाती कापसाचे बोंड दिले की बोटे आपसूक सरकी वेगळी करू लागतात. नावे गेली, हातांना काम आठवते. पण कित्येक पाहुणे येतात ते परीक्षा घ्यावयास : “मला ओळखलं का? सांग बरं मी कोण?” आम्ही मास्तर लोकसुद्धा तापाने फणफणलेल्या पोराची तोंडी परीक्षा घेत नाही! जाताच आपले नाव आपणच सांगावे, हात हातात घ्यावा, जुन्या गोष्टी काढाव्या.

आणि एक रोकडे कारण आहे, ते सर्वांत मोठे. जिला काल काय घडले हे सांगता येत नाही, तिला तक्रारही करता येत नाही. पाठीला पडलेली जखम, सैल झालेली चोळी, वाढलेली नखे, कोरडे ओठ हे पाहावयास आपले डोळे तेथे गेलेच पाहिजेत. आश्रमातली माणसे भलीही असोत. पण ज्या खाटेपाशी कोणी येत नाही, तिच्याकडे शेवटी दुर्लक्ष होते, हा जगाचा रिवाज आहे. तिच्या वतीने बोलणारे तोंड एकच, आपले.

वाचकहो, हा अंक तुमच्या घरात फराळाच्या ताटाशेजारी पडला असेल. तुमच्या नात्यातली एखादी माय कोठल्याशा आश्रमात असेल, तर भाऊबीज होण्याआधी तिच्याकडे जाऊन या. चकली, शंकरपाळे नेऊ नका, घशात अडकावयाचे. मऊ बेसनाचा लाडू न्या, तोही तेथल्या बाईंना विचारून. भाड्याची सबब तर उरलीच नाही : 2022 साली पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांना एस.टी. मोफत झाली आणि 2023 साली स्त्रियांना अर्धे तिकीट झाले.

ती तुम्हास ओळखणार नाही, हे मी लिहून देतो. तुम्ही तिला ओळखता ना? मग झाले तर!