पेटी बदलण्यापूर्वीं

ज्या यंत्राच्या पोटांतील व्यवहार डोळ्यांना दिसत नाहीं, त्याच्याविषयीं मनुष्य फार लौकर निकाल देऊन मोकळा होतो. आमच्या वाचकांपैकीं पिकप बाळगणारे थोडेच असतील. परंतु ज्यांच्या घरचें सामान अशा गाडींतून कधींच हललें नाहीं, किंवा कळमन्याच्या बाजारांतलें संत्रें ज्यांच्या घरीं कधीं सोललें गेलें नाहीं, असे नागपुरकर त्याहूनही थोडे. शिवाय आज जें सांगावयाचें आहे तें घरच्या लहान मोटारीलाही तितकेंच लागू पडतें. तेव्हां विषय रूक्ष वाटला तरी पान उलटूं नये, ही विनंति.

महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं विलीज जीपांची जुळणी करण्यास आरंभ केला. त्या जीपच्या इंजिनांत विजेचें मुख्य काम ठिणगी पाडण्याचें. पुढें डिझेलच्या मालवाहू गाड्या आल्या. त्यांच्या जुन्या पंपाला तर तेवढीही ठिणगी नको. दांतेरी चाकें फिरलीं कीं ठरलेल्या क्षणीं तेल आंत पडे. गाडी बिघडली तर मिस्त्री कान लावून ऐके, नाकानें धूर हुंगे आणि पाना हातीं घेई. धुराचे निर्बंध कडक होत गेले तसें हें राज्य संपलें. १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशांत भारत स्टेज ४ व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाला, आणि डिझेलचा थेंबन्‌थेंब मोजून देणारा कारकून प्रत्येक नव्या गाडींत येऊन बसला. त्याचें पुस्तकी नांव इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल. मिस्त्री त्याला ईसीएम किंवा नुसता 'डब्बा' म्हणतात.

या कारकुनाची नोकरी सोपी नव्हे. इंजिनाचा दांडा कोणत्या अंशावर आहे, पाणी किती तापलें आहे, पायानें पेडल किती दाबलें आहे, तेलाच्या नळींत दाब किती आहे, हें सर्व सेन्सर त्याला क्षणोक्षणीं कळवितात. नळींतला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार पटींहूनही वर जातो, आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा हें सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावें लागतें. कित्येक सेन्सरांना स्वतःची वीज नसते. पेटीच त्यांना पांच व्होल्टांचा शिधा देते व त्यांतून परत काय येतें तें पाहून माप समजते. एकाच ओळीवर दोन-तीन सेन्सर जेवावयास बसलेले असतात. वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व प्रकरण तीवरच उभें आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी काटोलकडून कळमन्याला संत्रीं आणतो. संस्कृताच्या तासाला त्याचें लक्ष खिडकीबाहेर असे. हिशेबाला मात्र पक्का. पिकप कर्जानें घेतलेली. गेल्या आंबिया बहरांत, ऐन आवकेच्या दिवसांत, माल भरलेली गाडी सुरूच होईना. सेल्फ फिरे, पण इंजिन पेट घेईना. संत्रीं दुसऱ्या गाडींत चढवून त्यानें ही गाडी ओढून शहरांतील एका कारखान्यांत नेली. तेथें स्कॅनर लावतांच एकदम तीन सेन्सरांच्या तक्रारी पडद्यावर उमटल्या. निकाल तात्काळ मिळाला: "एवढे सेन्सर एका दिवशीं कसे मरतील? डब्बा गेला. बदला." किंमत सांगितली ती त्याच्या तीन हप्त्यांएवढी; आणि एकदां बसविलेली पेटी परत घेणार नाहीं, हेंही सांगितलें. मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेले पैसे मोडावे कीं काय, हें विचारावयास तो आमच्याकडे आला. मोटारींतलें आम्हांस काय कळणार! परंतु हा निकाल ऐकून अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आठवला खरा.

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान निघतें, कारण अग्नीवांचून धूर नसतो. पण जो हेतु साध्य नसतांही आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. तो पुरावा नव्हे, पुराव्याचा आभास. एकाच ओळीवरील तीन सेन्सर एकदम ओरडूं लागले तर पेटी बिघडली असेल, हें खरें; पण त्यांपैकीं एक सेन्सर आंतून जळला किंवा त्या ओळीची एखादी वायर सोलून लोखंडाला टेकली, तरी पांच व्होल्ट जमिनींत जातात आणि तिघेही उपाशी राहून ओरडतात. मग तीन तक्रारींवरून पेटी दोषी कशी ठरली? आम्हीं त्याला इतकेंच सांगितलें कीं, पैसे मोडण्यापूर्वीं हाच प्रश्न दुसऱ्या मिस्त्र्यास विचार.

दुसरा मिस्त्री वयानें मोठा व बोलण्यानें कमी. त्यानें प्रथम बॅटरी, फ्यूज आणि रिले पाहिले. मग पेटीला मिळणारी वीज व अर्थ तपासतांना त्यानें मीटर बाजूस ठेवून हेडलाइटचा दिवा जोडला. आम्हीं कारण विचारलें. वायर आंतून तुटून एक तंतु उरला असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवितो; त्या तंतूवर दिवा मात्र पेटत नाहीं. किती साधी आणि किती शहाणपणाची युक्ति! दिवा लख्ख लागला. नंतर त्यानें पांच व्होल्टांच्या ओळीवरील सेन्सरांचे कपलर एकेक करून काढले. एखादा काढतांच पांच व्होल्ट परतले असते तर तोच सेन्सर चोर ठरता. तिन्ही काढले, तरी मीटर शून्यच. शेवटीं बॅटरीची ऋण वायर सोडून त्यानें खुद्द पेटीचा कपलर काढला आणि मोकळ्या वायरीचा गाडीच्या अंगाशीं संबंध लागतो कीं काय तें पाहिलें. लागत होता. पेटी नाहीं, सेन्सर नाहींत, आणि दोष मात्र जागच्या जागीं! यालाच व्यतिरेकव्यभिचार म्हणतात, हें आम्हीं त्याला सांगितलें, तो हंसून म्हणाला, "गुरुजी, डब्बा बरोबरच बोलून राहिला होता, त्याचं तोंडच कोणी दाबलं होतं."

तोंड दाबणारे निघाले उंदीर. फळांच्या वासानें आलेल्या मंडळींनीं इंजिनाजवळची वायर कुरतडून तिचें तांबें उघडें पाडलें होतें. हातभर वायर, तिच्यावर नवें वेष्टण, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. नवी पेटी बसविली असती तर तीही त्याच तीन तक्रारी करती, आणि मग कदाचित् "नवीही सदोष निघाली" असें ऐकावें लागतें.

पेटी कधींच बिघडत नाहीं असा अर्थ मात्र कोणी घेऊं नये. तिच्यांत पाणी शिरतें. बॅटरी उलट जोडली जाते. अल्टरनेटर बेफाम वीज देऊं लागतो. वीज, अर्थ व वायरी निर्दोष ठरूनही पेटी पांच व्होल्ट देत नसेल किंवा स्कॅनरशीं बोलत नसेल, तर ती बदलावीच लागते. पण तें काम दिवा बदलण्यासारखें नव्हे. जुन्या पेटीवरील पार्ट नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. नवी पेटी बहुधा कोरी असते. तिच्यांत त्या गाडीची आज्ञावलि व चेसिस नंबर भरावा लागतो, चावीची ओळख पटवावी लागते, आणि अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला संकेतही कळवावा लागतो. कारण एकाच सांच्यांतून निघालेले इंजेक्टरही केसभर कमीजास्त तेल सोडतात. हें लेखन चालू असतां बॅटरी उतरली तर पेटी अर्धवट शिकलेली राहून निकामी होऊं शकते, म्हणून बाहेरून स्थिर वीज जोडून ठेवतात. भंगारांतली पेटी स्वस्त मिळते खरी, परंतु ती आपल्या जुन्या घरची चावी ओळखते, नव्या घरची नाहीं. सेल्फ फिरतो व इंजिन गप्प बसतें. जुनीचा मजकूर तिच्यांत उतरवून देणारे कुशल लोक आहेत. मात्र त्याच बैठकींत "धुराची कटकट काढून टाकतों" असें कोणी म्हणेल तर त्याला नमस्कार करून निघावें.

आणखी एक गोष्ट त्या मिस्त्र्यानें जातां जातां सांगितली, ती पिकपवाल्यांना अधिक उपयोगाची. माल बांधण्यासाठीं हौद्याला कड्या किंवा लोखंडी पट्ट्या वेल्डिंगनें जोडण्याची रीत सर्वत्र आहे. वेल्डिंगचा प्रचंड प्रवाह गाडीच्या अंगांतून वाट शोधीत पेटीपर्यंत पोंचूं शकतो. म्हणून आधीं बॅटरी सोडावी, पेटीचे कपलर काढावे, आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदीं जवळ लावावा. आमच्या विद्यार्थ्याच्या हौद्याला त्याच आठवड्यांत दोन कड्या लावावयाच्या होत्या.