पडीक कोणाला म्हणता?

दिवाळीच्या पहिल्या दिव्याचा मान आपल्याकडे गाय-वासराचा. वसुबारसेला घरोघरी त्यांना ओवाळतात, घास भरवतात. पण ज्या माळावरच्या गवतावर ती गाय पोसली, त्या माळाला सरकारी दप्तर काय म्हणते? 'पडीक'. म्हसवडच्या वेशीबाहेर माणगंगेच्या दोन्ही अंगांना असा माळ पसरलेला आहे. त्यावर पवना, मारवेल आणि कुसळी वाढते. खिलार जनावरे आणि धनगरांची मेंढरे चरतात. लांडगा, खोकड आणि चंडोल संसार मांडतात. इतक्यांची पोटे भरणारी जमीन पडीक कशी, हा साधा प्रश्न आहे. निसर्गरक्षणाचे शास्त्र सांगणाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले पाहिजे.

शब्द जुना आहे. इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीतून सारा येई ती कामाची आणि न येई ती फुकट, असा सरळ हिशेब होता. इंग्रज गेले, हिशेब राहिला. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकारने प्रसिद्ध केला. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तो तयार झाला आणि पुढे त्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. खुरट्या झुडपांचे माळ आणि खालावलेली कुरणे त्यात पडीक म्हणूनच मांडली आहेत. आता उपग्रहाला रंग दिसतो, झाडोरा दाट की विरळ ते दिसते. निरुपयोगीपणा कसा दिसेल? तो माणसाने वरून चिकटवलेला असतो. मोजमाप शास्त्राचे, शेरा मात्र सारावसुलीचा!

याउलट आपल्या लोकांचा शब्द पाहा. 'गायरान' म्हटले की जमीन कोणाच्या मुखी लागते ते त्या शब्दातच आले. शेतकरीही रान पडीक टाकतो, पण ते त्याला विसावा मिळावा म्हणून.

यावर काही विद्वान म्हणतात, "मूल्यांची चर्चा कीर्तनकारांनी करावी. शास्त्रज्ञाने मोजावे, नोंदवावे आणि गप्प बसावे." ऐकायला हे फार सोवळे वाटते. पण १९८५ साली मायकेल सूले या अमेरिकन शास्त्रज्ञाने संवर्धनशास्त्राची ओळख करून देताना मूल्ये उघडपणे मांडली होती: जीवांची विविधता चांगली, तिचा अकाली नाश वाईट, आणि माणसाला उपयोग असो वा नसो, या विविधतेला स्वतःचे मोल आहे. ही विधाने कोणत्याही तराजूत तोलून सिद्ध होत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते. वैद्याने रोगी वाचावा असे आधी मानायचे असते, नाडी नंतर. संवर्धनाचेही तसेच आहे. मूल्ये नाकारणारा शास्त्रज्ञ मूल्यांवाचून राहत नाही. दुसऱ्याची मूल्ये न तपासता वापरतो, इतकेच.

न तपासलेल्या मूल्याने काय होते? 'झाड म्हणजे पुण्य' हे असेच एक मूल्य. त्याच्या भरात माळांवर खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. किती रोपे लावली, किती जगली, याचे आकडे चोख असतील. पण माळढोक हा उघड्या माळाचा पक्षी. तो जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवर नजर ठेवून जगतो. त्याला झाडांची दाटी म्हणजे वैरीच. मेंढरांची चराई बुडते ती वेगळीच. उत्तर बरोबर आले, पण प्रश्नच चुकला होता.

चूक फक्त झाडे लावणाऱ्यांची नाही. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात होते! त्यात शेते आली, नांदती गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर पक्षी उतरत असे, त्यालाच पक्ष्याचे नाव नकोसे झाले. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. तोवर महाराष्ट्रातला माळढोक जवळजवळ संपत आला होता. पक्षी वाचवणे हे मूल्य थोरच. पण त्याची किंमत कोणी मोजायची, हा न्यायाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आणि मूल्येही आपसांत भांडतात. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असतील. विजेच्या तारांना धडकून ते मरतात, म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातेतल्या त्यांच्या प्रदेशातील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली तोच आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सूर्यापासून मिळणारी वीजही पृथ्वीच्या भल्यासाठीच हवी होती. इथे कोणती फूटपट्टी लावाल? इथे विवेकच लागतो, आणि तत्त्वज्ञान म्हणजे तरी दुसरे काय?

"मग जुनी श्रद्धाच बरी," असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. सह्याद्रीतल्या देवराया श्रद्धेने राखल्या, हे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासाने दाखवून दिले. पण देवाला सिमेंटचे देऊळ हवे असे वाटू लागले की त्याच श्रद्धेच्या हाती कुऱ्हाड येते. मूल्य जुने असो की नवे, त्याला प्रश्न विचारावेच लागतात.

हा वाद आमच्या दारात आला आहे. बंगळूर-मुंबई औद्योगिक पट्ट्यातल्या वसाहतीसाठी म्हसवड-धुळदेवच्या माळाचे नाव गेल्या काही वर्षांत पुढे आले. कारखाना नको, असे मी म्हणत नाही. दुष्काळापायी पिढ्यान्‌पिढ्या घर सोडणाऱ्या माणदेशाला रोजगार हवाच आहे. पण सौदा खऱ्या नावाने व्हावा. आधी लिहा, या माळावर कोणते गवत येते, किती मेंढरे चरतात, कोण घरटे करते, ओढ्याला पाणी कुठून उतरते. मग मेंढपाळाला समोर बसवून ठरवा, काय द्यायचे आणि काय राखायचे. निर्णय कसाही होवो, त्यात काय गमावले हे तरी कागदावर राहील. 'पडीक' असे एकदा लिहिले की काही गमावलेच नाही असे ठरते, आणि हिशेबाची वही मिटते.

म्हणून त्या वहीतला हा शब्द आधी खोडा.