फराळाच्या दुकानाचा खरा भाव

क्रीडादिनीं अथवा आनंदमेळ्यांत विद्यार्थ्यांनीं फराळाचें दुकान मांडावें व त्याचा नफा गरीब विद्यार्थ्यांच्या फंडास द्यावा, ही प्रथा स्तुत्य आहे. परंतु सायंकाळीं गल्ला मोजून जो नफा जाहीर होतो, तो बहुधा खरा नसतो. गल्ला म्हणजे नफा नव्हे. आणि अंदाजानें ठरविलेला भाव म्हणजे व्यापार नव्हे.

एक उदाहरण घेऊं. शंभर वडापावांस पाव, बटाटे, डाळीचें पीठ, तेल, मसाला, चटणी, गॅस व कागद मिळून १,०८० रुपये लागले असें समजा. नगास १० रुपये ८० पैसे पडले. भाव १५ रुपये ठेविल्यास ४२० रुपये उरतील, असें मुलें म्हणतील. परंतु दहा नग फुटले, करपले किंवा तसेच उरले, तर त्यांचा खर्च बाकीच्या नव्वदांवर पडतो. मग नग १२ रुपयांस पडतो आणि हातीं केवळ २७० रुपये राहतात. वायां गेला माल दहावा हिस्सा, पण नफा तिसऱ्या हिश्शाहून अधिक बुडाला!

ही तूट भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे भाव २५ रुपये करणें. मैदानांत दुसरें दुकान नसतें, तेव्हां गिऱ्हाईक जाईल कोठें? चित्रपटगृहांत बाहेरचें खाद्य न येऊं देण्याचा मालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें मान्य केला; तथापि प्रेक्षकांस पिण्याचें शुद्ध पाणी विनामूल्य मिळालें पाहिजे, हेंही तेथें स्पष्ट झालें. शाळा तर चित्रपटगृह नव्हे. ज्याच्या खिशांत वीसच रुपये आहेत, तो मुलगा दुकानापासून दूर उभा राहत असेल, तर गरिबांच्या फंडासाठीं आपण गरिबासच वगळलें, असें होईल.

म्हणून भाव न वाढवितां नासाडी कमी करावी, असें माझें स्पष्ट मत आहे. सारणाचे गोळे एकाच मापानें करावे. हाताच्या अंदाजानें गोळा मोठा झाला कीं शंभराचे नव्वदच होतात. वडे सगळे एकदम न तळतां मागणी पाहून घाण्याघाण्यानें तळावे. बटाट्याचें सारण उष्म्यानें लवकर आंबतें. तें दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं नये. सरबताचा पेलाही एकाच मापाचा असावा.

पालकांसही एक विनंति आहे. आपण तेल किंवा पीठ फुकट द्याल, तर त्याची बाजारची किंमत मुलांकडून वहींत खर्च म्हणून लिहवून घ्या आणि तितकीच रक्कम देणगी म्हणून जमेस धरवा. नाहींतर पुढील वर्षीं ज्यांस तें विकत घ्यावें लागेल, त्यांस मागचा हिशेब फसवील.

विद्यार्थिमित्रहो, दुकान आटोपतांच जमाखर्च शाळेच्या फलकावर लावा. त्यांत उरलेल्या व फेकलेल्या नगांची संख्याही लिहा. नफा थोडा दिसला तरी लाजूं नका. जो आंकडा चारचौघांसमोर मांडतां येतो, तोच फंडास देण्याजोगा होय.