पाहुणा डॉक्टर आणि घरची परिचारिका

परदेशी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांविषयी मराठी मनात एक भाविक आदर आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये, अवघे ३२ वर्षांचे असताना, तेथेच निवर्तले. त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाने ही कथा घरोघर पोचविली. तेव्हापासून परदेशातला डॉक्टर म्हटला की त्याग, साहस आणि मृत्यूशी झुंज एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्याचा रोजचा दिवस या चित्रात कोठेच नसतो. तो नीट पाहिला तर काही निराळेच प्रश्न उपस्थित होतात, आणि ते वैद्यकशास्त्राचे कमी व अर्थशास्त्राचे अधिक आहेत.

आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१८ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख. त्यातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे व मक्याच्या शेतीवर जगणारे. ग्रामीण रुग्णालये काही सरकारी, तर काही ख्रिस्ती मिशनांची. युरोप-अमेरिकेतून येणारे डॉक्टर बहुधा या मिशन रुग्णालयांत उतरतात. कोणी चार आठवड्यांसाठी, कोणी वर्ष-दोन वर्षांसाठी.

पाहुण्या डॉक्टरचा दिवस सकाळच्या बैठकीने सुरू होतो. रात्रपाळीची परिचारिका प्रसूती किती झाल्या, मृत्यू किती, रक्ताच्या पिशव्या किती उरल्या, हे वाचून दाखविते. मग मुलांच्या वॉर्डातील फेरी. पावसाळ्यात हिवतापाचा जोर असतो आणि एकेका खाटेवर दोन-दोन मुले असतात. एखाद्या मुलाच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक दिसतात. हिवतापाने रक्त इतके उतरलेले असते की ते तत्काळ भरले नाही तर मूल दुपार पाहणार नाही. साठा संपलेला असला तर बापाचे किंवा मामाचे रक्त जुळते का, ते पाहायचे. स्वदेशी ज्याने यंत्रांच्या साक्षीने निदान करण्याचे शिक्षण घेतले, त्याच्या हाती येथे स्टेथोस्कोप, सूक्ष्मदर्शकाखालचा रक्ताचा थेंब आणि स्वतःची बोटे एवढेच उरते.

त्याहून मोठी अडचण भाषेची. आई चिचेवा भाषेत पाच मिनिटे बोलते आणि परिचारिका त्याचे भाषांतर ‘तीन दिवस ताप आहे’ एवढेच करते. मधले सारे गेले कोठे? परिचारिकेने ते टाकून दिलेले नसते, तोलून बाजूला ठेवलेले असते. कारण कोणती तक्रार महत्त्वाची हे तिला पाहुण्याहून अधिक कळते. रुग्णाच्या आजाराचा इतिहास ‘हेल्थ पासपोर्ट’ नावाच्या एका लहान वहीत लिहिलेला असतो आणि ही वही रुग्णाजवळच राहते. ती पावसात भिजली की मागचा इतिहासही पुसला जातो.

रुग्णाचे खाणेपिणे, धुणे, अंग पुसणे हे सर्व सोबत आलेले नातेवाईक करतात. आवारातच त्यांच्यासाठी निवारा असतो. तेथे चुली पेटतात आणि मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा शिजते. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात या श्रमांची नोंद नसते. उद्या हे नातेवाईक आले नाहीत, तर वॉर्ड चालविणे अशक्य होईल. पेरणीच्या दिवसांत आईला मुलापाशी बसावे लागले, तर शेताचे जे नुकसान होते, त्याचाही हिशेब कोणी मांडत नाही.

दुपारी एखादी अडलेली बाळंतीण येते. सिझेरियन कोण करणार? पाहुणा डॉक्टर बालरोगतज्ज्ञ असेल, तर त्याने ही शस्त्रक्रिया कित्येक वर्षांत केलेली नसते. सुरी हाती घेतो तो ‘क्लिनिकल ऑफिसर’. म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेला, तीन वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची उमेदवारी पुरी केलेला स्थानिक तरुण. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, मलावीतील मोठ्या प्रसूतिविषयक शस्त्रक्रियांपैकी सुमारे ८८ टक्के याच वर्गाने केल्या होत्या आणि त्यांचे परिणाम डॉक्टरांनी केलेल्या शस्त्रक्रियांच्या तोडीचे होते. अशा वेळी पाहुणा पलीकडच्या बाजूला उभा राहून मदत करतो. शिकविण्यासाठी आलेला माणूस शिकू लागतो, आणि तो प्रामाणिक असेल तर हे मान्यही करतो.

आवाराच्या कोपऱ्यात देणगीदाखल आलेली यंत्रे धूळ खात पडलेली असतात. विकसनशील देशांतील वैद्यकीय उपकरणांविषयी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांपैकी सुमारे ४० टक्के बंद असल्याचे दिसून आले. सुटे भाग नाहीत, दुरुस्त करणारा नाही, आणि विजेचा तर भरवसाच नाही. जानेवारी २०२२ मधील वादळाने मलावीतील कपिचिरा जलविद्युत केंद्राचे मोठे नुकसान झाले आणि वीजटंचाई अधिकच तीव्र झाली. वीज गेली की प्राणवायू देणारे यंत्र थांबते. मग जनित्र सुरू करायचे, पण त्याला डिझेल लागते.

येथे खरी उणीव कशाची आहे? डॉक्टरांची, हे उत्तर सहज सुचते आणि ते खोटेही नाही. २००४ च्या सुमारास मलावीत दर लाख लोकसंख्येमागे दोन डॉक्टरही नव्हते. परिचारिकांचा ओघ ब्रिटनकडे लागला होता. गरीब देशाने आपल्या खर्चाने शिकविलेल्या मुली श्रीमंत देशाच्या रुग्णालयांत राबत होत्या. त्या वर्षी सुरू झालेल्या तातडीच्या मनुष्यबळ योजनेत स्वयंसेवी परदेशी डॉक्टरांनाही स्थान होते, पण ते तात्पुरती सोय म्हणून. योजनेचा कणा निराळाच होता. आरोग्यसेवेतील अकरा वर्गांच्या कर्मचाऱ्यांना मूळ वेतनावर ५२ टक्के वाढ मिळाली आणि तिचा बराचसा भार ब्रिटिश सरकार व ग्लोबल फंड यांनी उचलला. २००४ ते २००९ या काळात व्यावसायिक आरोग्य कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक वाढली.

ही गोष्ट वरवर साधी वाटते. परंतु मदतीच्या व्यवहारात ती जवळजवळ पाखंड मानली जात असे. देणगीदार राष्ट्रांचा आग्रह असा की आम्ही इमारत बांधू, यंत्रे देऊ, तज्ज्ञ पाठवू. वेतन हा आवर्ती खर्च, तो तुमचा तुम्ही पाहा. इमारतीला कोनशिला बसविता येते, पगारपत्रकाला येत नाही. परिणामी एका पाहुण्याच्या विमानभाड्यासाठी पैसा निघतो, पण तेवढ्याच रकमेत होणाऱ्या परिचारिकेच्या काही महिन्यांच्या वेतनासाठी निघत नाही. पुढील काळात तर आणखी विचित्र स्थिती ओढवली. रुग्णालयांत जागा रिकाम्या आणि शिकून तयार झालेल्या परिचारिका व क्लिनिकल ऑफिसर घरी बसून. कारण सरकारच्या वेतनखर्चाला मर्यादा. टंचाई आणि बेकारी एकाच दारात उभ्या! पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत हे दृश्य बसविणे कठीण आहे.

कोण टिकते, हाही प्रश्न आहेच. शेजारच्या मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेले शस्त्रक्रिया-तंत्रज्ञ तयार केले. जिल्हा रुग्णालयांत नेमलेल्यांपैकी सात वर्षांनंतर तेथे किती उरले, हे एका अभ्यासात पाहिले असता, तंत्रज्ञ ८८ टक्के टिकून होते, डॉक्टर एकही नव्हता. गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांवरील उपचार शिकविल्याने बालमृत्यू कसे घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. त्यामुळे महाराष्ट्राला हा अनुभव नवा वाटू नये.

याचा अर्थ पाहुण्याने येऊच नये असा नव्हे. एकाच रुग्णालयात वर्षानुवर्षे पुनःपुन्हा जाणारे, भूल देण्याचे किंवा गुदमरलेल्या अर्भकाला श्वास देण्याचे शिक्षण तेथील माणसांना देणारे डॉक्टर आहेत. कोटणीसांच्या कथेतील बलिदान लक्षात राहिले. ते चिनी भाषा शिकले आणि वैद्यकीय विद्यालयात शिकवीत होते, हा भाग मात्र मागे पडला.

२०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदत गोठविली आणि त्याच वर्षी तिची मदतसंस्था बंद केली. एड्सच्या उपचारांसाठी या पैशावर विसंबलेल्या मलावीत अनेक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. पाहुण्या डॉक्टरचा प्रवास यामुळे अडणार नाही. त्याचे तिकीट त्याच्या चर्चने किंवा मित्रमंडळींनी काढलेले असते. तो येईल, सकाळच्या बैठकीला बसेल, मुलांच्या वॉर्डात फेरीला निघेल. त्या मातेचे बोलणे त्याला समजावून सांगणाऱ्या परिचारिकेचे नाव तेव्हा पगारपत्रकावर असेल की नाही, ते मात्र सांगता येत नाही.