बिदअत नेमकी कोणाची?

कुणी दर्ग्यावर चादर चढवली, मिलादचा जलसा भरवला, की आपल्याकडे लगेच ‘बिदअत’चा शिक्का बसतो. शिक्का मारणाऱ्याने शब्दाचा अर्थ तपासलेला असतोच असे नाही.

अरबीत ‘ब-द-अ’ या धातूचा अर्थ आहे, आधीच्या नमुन्याशिवाय काही नवे घडवणे. कुरआनात अल्लाहला आकाश आणि पृथ्वीचा ‘बदीअ’ म्हटले आहे (२:११७), ते याच धातूतून. म्हणजे शब्द मुळात निंदेचा नाही. दीनमध्ये निराधार भर घालणे ही गुमराही आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले हेही तितकेच खरे. पण निराधार भर म्हणायचे कशाला?

यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक जण शहीद झाले. तेव्हा कुरआन एकत्र लिहून काढावा, असे हजरत उमर (रजि.) यांनी सुचवले. प्रेषितांनी जे केले नाही ते आपण कसे करावे, म्हणून हजरत अबू बक्र (रजि.) आधी कचरले; मग त्यांना पटले. पुढे तरावीहसाठी लोकांना एका इमामामागे उभे करून हजरत उमरांनी त्याला चांगली बिदअत म्हटले. इमाम शाफिईंनी (मृत्यू ८२०) बिदअतीत चांगली आणि वाईट असा भेद केला. इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी वाजिबपासून हरामपर्यंत पाच प्रकार पाडले. शातिबींना (मृत्यू १३८८) ही विभागणी मान्य नव्हती. पण कुरआनसंकलनासारख्या लोकहिताच्या कामांना ते बिदअत समजतच नव्हते. वाद नावाचा होता. नवे म्हणून वाईट, असे दोघांपैकी कुणीच म्हटले नाही.

आता आपल्याकडे पाहा. एका दमात दिलेल्या तीन तलाकला फिकहच्या ग्रंथांतच ‘तलाक-ए-बिदअत’ म्हटले आहे. तलाक देणारा गुन्हेगार, तरी तलाक मात्र लागू, असा हनफी फतवा. अहले हदीस मंडळी अशा तीन तलाकना एकच मानतात. निदान त्यांच्या बोलण्यात मेळ आहे. पण चादरीवर तुटून पडणारे बाकीचे आलिम या बिदअतीच्या बचावासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले! २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ती रद्द झाली. २०१९ च्या कायद्याने तर नवऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद केली. त्या कायद्यावर आपण चिडलो. पण घर आपणच वेळेवर झाडले असते, तर सरकारच्या हाती केरसुणी गेली असती का?

चादरीने कुणाचा संसार मोडत नाही. या बिदअतीने बायका लेकरांसह रस्त्यावर आल्या.

पुढच्या जुम्म्याच्या बयानात बिदअतींची यादी ऐकाल, तेव्हा एवढेच विचारा : मौलानासाहेब, यात तलाक-ए-बिदअत कितव्या क्रमांकावर आहे?